तेंदूच्या फळीवरून परत आलात? आधी रक्त तपासून घ्या!



बियाणे तपासल्याशिवाय पेरू नका, हे तुम्ही माझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की आता मी गावात शिरलो की पोरेच ओरडतात, "आले शंभर दाणेवाले साहेब!" ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून ठेवायचे, गुंडाळायचे आणि आठवडाभराने किती उगवले ते बघायचे. ऐंशीच्या खाली आले तर त्या बियाण्याचा नाद सोडायचा. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालून धान बुडवायचे आणि तरंगेल ते फेकून द्यायचे. हे सगळे सांगत हिंडणारा मी २०२३ च्या जून महिन्यात एका घराच्या ओसरीत बसलो होतो. समोरच्या माणसाचे एक वाक्य मी तेव्हा कानावरून जाऊ दिले. आजचा लेख त्या वाक्यामुळे लिहितो आहे.

शेतीच्या पानावर हिवतापाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण रोवणीच्या ऐन दिवसांत घरातली माणसे अंथरुणाला खिळली म्हणजे तो विषय शेतीचाच होतो.

त्या घरची दीड एकर धानाची बांधी. कर्ता माणूस चाळिशीचा. आपल्या ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीकडून उन्हाळ्यात जशी पुष्कळ माणसे गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला जातात, तसा तोही मे महिन्यात गेला होता. फळीजवळच नाल्याकाठी मुक्काम आणि रात्री उघड्यावर झोप. पावसाच्या आत परत आला, चार पैसे आणले, त्यातून बियाणे घेतले. आम्ही मीठपाणी ढवळत होतो तेव्हा तो सहज बोलला, "तिकडं दोन दिवस ताप आलता जी. मुंशीनं गोळ्या देल्ल्या, उतरला. आता काही नाही."

मी म्हटले, "बरं झालं." आणि तरंगलेले दाणे काढायला लागलो.

जुलैच्या मध्यावर त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला ताप आला. पहिले दोन दिवस घरीच काढले, कारण रोवणीची बायामाणसे ठरलेली होती. तिसऱ्या दिवशी तिला झटके आले. भाड्याची गाडी करून तालुक्याला नेली, तिथून जिल्ह्याला. फाल्सिपेरम, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा हिवताप निघाला. त्याच आठवड्यात शेजारची म्हातारी तापली, तीही त्याच हिवतापाने. ती म्हातारी वर्षभरात गावची शीव ओलांडून गेली नव्हती. दोघीही वाचल्या. पण गाडीभाडे आणि औषधपाण्यापायी घरातल्या शेळ्या गेल्या. पऱ्हे चाळीस दिवसांवर गेले आणि रोवणी अशी लांबली की त्या वर्षीच्या उत्पन्नाचे काय झाले, ते तुम्हाला सांगायला नको.

आरोग्य सेवकाने मग आजूबाजूच्या सगळ्या घरांतून रक्त घेतले. त्या माणसाचेही घेतले. किटवर काही दिसले नाही. काचपट्टी पुढे गेली, तिचा अहवाल यायला आठ दिवस लागले, तोही निगेटिव्ह. मग जंतू आला कुठून? त्याच्याच अंगातून आला असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि आता ते कधीच कळणार नाही. तिथल्या डॉक्टरांनी मला एवढेच सांगितले, "निगेटिव्ह म्हणजे जंतू नाहीच, असं नसतं. आमच्या चाचणीला दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ."

हे वाक्य मात्र मी कानावरून जाऊ दिले नाही. तेव्हापासून डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

ताप गेला, जंतू राहिला

हिवतापाचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीत राहतो. तापाने फणफणलेल्या माणसाच्या रक्तात तो भरपूर असतो, त्यामुळे सापडतो. पण ज्याने अर्धवट गोळ्या घेतल्या, किंवा जो लहानपणापासून हिवतापाच्या मुलखात येऊन-जाऊन आहे, त्याच्या अंगात जंतू अगदी थोडे राहून जातात. ताप नाही, कणकण नाही, माणूस नांगर धरतो आहे, आणि रक्तात जंतू आहेत.

थोडे म्हणजे किती? जरा हिशेब करू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. एका मिलिलिटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोलिटर. एवढ्याशा टिपक्यात दहा जंतू असले तर सगळ्या अंगात पाच कोटी झाले! पण काचपट्टीवर जे रक्त प्रत्यक्ष नजरेखालून जाते ते एका टिपक्याहूनही कमी असते. म्हणजे दहा पोती धानातून चिमूटभर दाणे घेऊन बियाणे शुद्ध आहे असा दाखला देण्यासारखेच झाले. शंभर दाण्यांच्या चाचणीत शंभरच का घ्यायचे, दहा का नाही, हे मी तुम्हाला दरवर्षी समजावतो; इथेही तेच गणित लागू पडते.

आता महिन्यांचा मेळ बघा. माणूस मे अखेरीस परत येतो. मृगाचा पाऊस पडतो, खड्डे भरतात, जुलैत बांध्यांतून पाणी उभे राहते. आपल्या सपाट मुलखात हिवताप पसरवणारा अॅनोफेलिस डास स्वच्छ, संथ पाण्यात अंडी घालतो. नवी रोवणी झालेली बांधी त्याला फार आवडते. धान वाढून पाण्यावर सावली झाली की त्या बांधीत त्याचे प्रमाण कमी होते. म्हणजे रोवणीनंतरचे पहिले काही आठवडेच धोक्याचे. तो दिवसा गोठ्यात, घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो आणि रात्री चावतो. परत आलेल्या माणसाला चावून त्याने जंतू घेतला, की डासाच्या पोटात तो तयार व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पुढे तो ज्याला चावेल त्याला, फाल्सिपेरम असेल तर, आणखी आठ-पंधरा दिवसांनी ताप येतो. मोजा बोटांवर. बरोबर रोवणीत येऊन पोहोचतो की नाही?

काचपट्टी, किट आणि आता तिसरी

रक्त तपासण्याची सगळ्यांत जुनी रीत म्हणजे काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. लॅव्हेरान या फ्रेंच डॉक्टरने १८८० मध्ये अल्जेरियात माणसाच्या रक्तात हा जंतू पाहिला. रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्या शेजारच्या सिकंदराबादेत तो डासाच्या पोटात पाहिला. तेव्हापासून आजपर्यंत आपण हेच करतो आहोत: बोटाला टोचायचे, काचेवर रक्त पसरायचे, रंगवायचे आणि डोळा लावायचा. ही पद्धत स्वस्त आहे, जंतू कोणत्या जातीचा आणि किती हे तिच्यात कळते. पण सगळा भरवसा बघणाऱ्याच्या डोळ्यावर. दिवसाला ढीगभर काचा बघणारा माणूस थकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी म्हणजे आशाताईंकडची किट. एक थेंब रक्त, थोडे द्रावण आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघ. कपाशीचे बीटी बियाणे खरे की खोटे हे ओळखायची पट्टी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने तसे किट बनवले होते. दोन्हींचे तत्त्व एकच. किट जंतू बघत नाही, जंतूने रक्तात सोडलेले प्रथिन ओळखते. तापाच्या रोग्यासाठी गावपातळीवर याहून उपयोगी वस्तू नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण मायक्रोलिटरमागे शंभर-दोनशेच्या खाली जंतू गेले की तिची रेघ भरवशाची राहत नाही. उलटही होते. फाल्सिपेरमचा जंतू मेल्यावरही ते प्रथिन रक्तात दोन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त रेंगाळते, आणि बरा झालेला माणूस किटवर पॉझिटिव्ह दिसतो. म्हणून तिकडे उपचार झाला असेल तर तो कधी झाला, कोणत्या गोळ्या होत्या, हे रक्त देताना सांगा. गोळ्यांचे रिकामे पाकीट असेल तर तेच दाखवा.

तिसरी तऱ्हा नवी. डॉक्टर तिला 'मॉलिक्युलर' म्हणतात, मराठीत रेणवीय चाचणी म्हणू. ही चाचणी जंतूचा डीएनए, म्हणजे त्याच्या वंशाची खूणगाठ शोधते. खूणगाठ थोडी असली तर? ती वाढवून घेते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. वीस वेळा दुप्पट केले की एकाचे दहा लाखांवर जातात. गुणाकाराच्या शेवटी ती लपूच शकत नाही. कॅरी मुलिस या अमेरिकी शास्त्रज्ञाला ही युक्ती १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्याला तिच्याबद्दल नोबेल मिळाले. करोनात घराघरात गेलेला 'पीसीआर' शब्द तो हाच. अडचण अशी की या कामात नमुना पुन्हा पुन्हा तापवावा आणि निववावा लागतो. त्यासाठी यंत्र लागते, वीज लागते, शिकलेला माणूस लागतो. नमुना शहरात जातो आणि उत्तर यायला दिवस लागतात.

जपानच्या नोतोमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ही अडचण सोडवली. त्यांच्या पद्धतीला 'लॅम्प' म्हणतात. तापवणे-निववणे नाही. साधारण ६५ अंशांवर नळी एकसारखी गरम ठेवली की गुणाकार आपोआप चालू राहतो. तासाभराच्या आत नळीतले पाणी गढूळ होते किंवा खास दिव्याखाली हिरवट चमकते. चमकले तर जंतू आहे. मायक्रोलिटरमागे दोन-पाच जंतू असले तरी ही पद्धत पकडते. म्हणजे वर ज्या पाच कोटींचा हिशेब केला, तो माणूस किटवर सुटला असता तरी इथे सापडला असता.

लंडनचे पाहुणे, चीनचे मजूर

या चाचणीची खरी कसोटी हिवताप नसलेल्या देशात लागली, ही गंमतच आहे. ब्रिटनमध्ये हिवताप पसरवणारी परिस्थिती आज नाही. तरी बहुतेक वर्षी तिथे दीड-दोन हजार रोगी सापडतात आणि ते सगळे बाहेरून जंतू घेऊन आलेले असतात. त्यांत सहलीला गेलेल्या गोऱ्या माणसांपेक्षा आफ्रिकेतल्या आपल्या मूळ गावी आईबापांना, नातलगांना भेटायला जाऊन आलेली माणसे जास्त. आपला गाव म्हणून माणूस मच्छरदाणीची फिकीर करत नाही, आपल्यासारखेच! लंडनच्या हॉस्पिटल फॉर ट्रॉपिकल डिसीजेस या रुग्णालयात अशा परतलेल्या सातशेहून अधिक संशयित रोग्यांच्या रक्तावर 'लॅम्प' किट वापरून पाहिले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. मोठ्या प्रयोगशाळेतल्या पीसीआरच्या तोडीस तोड उत्तरे या छोट्या नळ्यांनी तासाभरात दिली होती.

पण मला लंडनपेक्षा चीनचे उदाहरण जवळचे वाटते, कारण ते खेड्याचे आहे. गुआंगशी प्रांतातल्या शांगलिन तालुक्यातली हजारो माणसे आफ्रिकेतल्या घाना देशात सोन्याच्या खाणीत मजुरीला गेली होती. २०१३ मध्ये घाना सरकारने बेकायदा खाणींवर धाडी घातल्या आणि ही माणसे लोंढ्याने परत आली. मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत परतलेल्या चार हजारांवर माणसांत ८०० हून अधिक जणांना हिवताप निघाला. भातशेतीचा मुलूख, पावसाळ्याचे दिवस. तरी तिथे साथ उभी राहिली नाही, कारण परत येणाऱ्याला शोधून, तपासून लगेच औषध दिले गेले. चीनमध्ये नियमच आहे: रोगी सापडला की एका दिवसात कळवायचे, तीन दिवसांत चौकशी करायची आणि सात दिवसांत त्या जागेचा बंदोबस्त. २०२१ मध्ये त्या देशाला हिवतापमुक्तीचा दाखला मिळाला.

शेजारच्या श्रीलंकेला तो २०१६ मध्ये मिळाला. आणि डिसेंबर २०१८ मध्ये काय झाले? भारतातून तिथे कामाला गेलेल्या एका मजुराच्या अंगातला जंतू डासामार्फत तिथल्याच एका रहिवाशाला लागला. दाखला मिळाल्यानंतरचा असा हा पहिलाच रोगी. त्यांनी आसपासची माणसे तपासली, डास शोधले आणि तो एका रोग्यावरच थांबवला. आपल्या देशानेही २०२७ पर्यंत देशात लागण झालेला एकही रोगी राहू नये असे ठरवले आहे. ज्या गावात रोगी कमी होत जातील, त्या गावाला खरी भीती मग परत येणाऱ्यांचीच उरते. मजुराला दोष द्यायला हे सांगत नाही. तो पोटासाठी जातो, आणि त्याच्या अंगातल्या जंतूची त्यालाही खबर नसते.

आपल्या तालुक्यात काय आहे?

आता तुम्ही म्हणाल, साहेब, हे जपान-लंडनचे आम्हाला काय करायचे? थांबा. गोव्याच्या मोलबायो कंपनीने 'ट्रूनॅट' नावाचे बॅटरीवर चालणारे छोटे पीसीआर यंत्र बनवले आहे. टेबलाच्या कोपऱ्यावर मावते, तासाभरात उत्तर देते. क्षयरोगासाठी त्याला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी करोनात ते ठिकठिकाणी पोहोचले. तुमच्या जवळच्या एखाद्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला आजही ते चालू असण्याची शक्यता आहे. त्या यंत्रात रोगानुसार चिप बदलते, आणि फाल्सिपेरम व व्हायव्हॅक्स या दोन्ही हिवतापांची चिपही तयार होते.

मग उद्या तुमच्या गावात ही चाचणी होईल का? बहुधा नाही. सरकारी हिवताप कार्यक्रमात रोजच्या कामाला काचपट्टी आणि किट याच दोन चाचण्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनाही तापाच्या रोग्यासाठी याच दोन्हींवर भर देते, आणि मला ते पटते. चिप महाग, यंत्र एक, रोगी अनेक. ताप आलेल्या माणसाच्या रक्तात जंतू भरपूर असतात, तिथे किट पुरते. फाल्सिपेरम दोन-तीन दिवसांत माणसाला घेऊन जातो. तेव्हा ताप असेल तर कोणत्याही नव्या चाचणीची वाट बघू नका. त्याच दिवशी आशाताईंकडे रक्त द्या. रोवणीची बाई उद्या दुसरीही मिळेल.

नव्या चाचणीची जागा माझ्या मते दुसरी आहे. ताप नसलेला पण हिवतापाच्या मुलखातून परत आलेला माणूस, तिकडे ताप येऊन गेलेला माणूस, आणि विशेषतः फळीवर गेलेली गरोदर बाई. गरोदरपणात फाल्सिपेरमचा जंतू वारेत दडून बसतो आणि बोटाच्या रक्तात फार थोडा उतरतो. किटही फसू शकते. एका तालुक्यातून अशी माणसे किती निघतील? जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एवढ्यांचेच रक्त त्या यंत्रातून काढायचे ठरवले तर ते अशक्य नाही. क्षयरोगाच्या कामात खोळंबा न करता ते कसे बसवायचे, हे आरोग्य खात्याने ठरवावे. मी कृषी खात्याचा माणूस. मागणी करू शकतो. ग्रामपंचायतीही करू शकतात. ठराव करून तो तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांकडे पाठवायला कोणाची आडकाठी आहे?

एक गोष्ट मात्र या नव्या चाचणीलाही दिसत नाही. व्हायव्हॅक्स हिवतापाचा जंतू यकृतात जाऊन झोपतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. लव्हाळा वरून निंदला तरी जमिनीत गाठ राहते आणि पाऊस पडला की पुन्हा कोंब येतो, तसेच. ती गाठ रक्ताच्या कोणत्याही तपासणीत सापडत नाही. तिच्यासाठी चौदा दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या असतात. लोक चार दिवस घेतात, ताप उतरतो आणि उरलेल्या फडताळात पडून राहतात. माझ्याही घरी पूर्वी हेच झाले आहे, तेव्हा तुम्हाला बोलायचा मला फारसा हक्क नाही. पण चौदा म्हणजे चौदा. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ती गोळी देत नाहीत. काहींना ती सोसत नाही. लघवी काळसर झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठायचा.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्यासाठी

यंत्र असो वा नसो, पहिले काम वहीचे आहे. कोण गेले, कुठल्या जंगलात गेले, कधी परत आले, तिकडे ताप आला होता का. आशाताई घरोघर फिरतात, पण माणूस रात्रीच्या गाडीने परत आला आणि सकाळी शेतात गेला तर त्यांना कळणार कसे? १ मेच्या ग्रामसभेत ही वही उघडावी. तेव्हा जाणारी माणसे बहुतेक गावातच असतात किंवा नुकतीच निघालेली असतात. ठेकेदाराचा गाडीवाला कोण, हे पोलीस पाटलांना ठाऊक असतेच. कोणत्या गाडीतून किती माणसे गेली हे त्याला विचारले की अर्धी यादी तिथेच होते. तिकडे ताप आला तर तिथल्याच आशाताईंकडे रक्त द्या, फळीवरच्या गोळ्यांवर भागवू नका, हेही निघतानाच सांगावे. मच्छरदाणी बोचक्यात गेली की नाही, ते घरच्या बाईने बघावे, पुरुष विसरतात.

परत आलेल्यांचे रक्त पहिल्या आठवड्यातच घ्यावे. नंतर महिना-दीड महिन्यात ताप आला तर पहिले निगेटिव्ह असले तरी पुन्हा घ्यावे. आणि कृपा करून वहीतली नावे चावडीवर वाचू नका. "तू ताप आणलास" असे एकदा कोणाला ऐकवले की पुढच्या वर्षी परत आलेला माणूस गप्प बसतो. २०२० मध्ये बाहेरून आलेल्यांना आपण शाळेत कोंडले, वेशीवर अडवले. ते लोक अजून विसरलेले नाहीत.

बांधीबद्दलही सांगतो. पाण्याची सोय असेल तर फुटव्याच्या काळात मधून मधून दोन-तीन दिवस बांधी निथळू द्या. फुटवे चांगले येतात आणि डासाच्या अळ्याही मरतात. ज्याचे सगळे पावसाच्या भरवशावर, त्याला बांधीतले पाणी सोडा असे सांगायची माझी छाती नाही. त्याने निदान घराजवळचे खड्डे बुजवावेत, बोडीत गप्पी मासे सोडावेत.

त्या घरी मी यंदाही गेलो होतो, मीठपाणी घेऊनच. तो यंदाही फळीवर जाऊन आला आहे. दीड एकरात भागत नाही. यंदा त्याचे नाव वहीत होते आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने आपणहून बोट पुढे केले. किट निगेटिव्ह. मुलगी शाळेत जाते, ती शेजारी बसून तरंगलेले दाणे काढत होती.

"साहेब," तो म्हणाला, "तालुक्याले ते मशीन आहे म्हंतात. त्याच्यात माझं रगत पाहता येन का?"

मी म्हटले, "त्या सालचं आता नाही कळणार, भाऊ."

"माहीत आहे जी. यंदाचं तर कळन."

त्याच्यासाठी आणि त्या गावातून गेलेल्या सगळ्यांसाठी ग्रामपंचायतीमार्फत अर्ज दिला आहे. हिवतापाची चिप सध्या शिल्लक नाही, मागवता येते का ते बघतो, असे तोंडी उत्तर मिळाले. लेखी उत्तर आले की याच पानावर कळवीन.